‘चालेल’ हा शब्द वगळून

मी, सरकारी लिफ्ट-तपासनीस, वय त्रेपन्न, कोणाच्याही दबावाखाली नसताना (हे वाक्य वकिलांचे, दबाव आहेच, फक्त या कागदासाठी नाही), बुद्धी शाबूत असेतो हे लिहून ठेवतो.

कारण असे की, प्रसूतिगृहाच्या लिफ्टचा दोर झिजलेला आढळल्याने मी तिला कुलूप घातले. मालकांना ते आज काढून हवे आहे. काल दुपारी दोन इसम घरी आले, पाणी प्यायले आणि माझ्या लेकीची कॉलेज सुटण्याची वेळ सांगून गेले. विचारली नाही, सांगितली.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस.

२. हातोडी, बॅटरी व मोजमापाची हत्यारे लेकीस. तिने ती खुशाल विकावीत. तिने माझाच व्यवसाय करावा अशी माझी इच्छा नाही. कालपर्यंत होती.

३. संस्कृत शब्दकोश मेहुण्यास. तो मला म्हणाला, “दाजी, घ्या जरा जमवून. देवसुद्धा भावाचा भुकेला.” भाव म्हणजे भक्ती की दर, हे त्याने कोशात पाहावे.

४. देव्हारा पत्नीकडे. वापराची रीत अशी: देवाला “करू का?” असे विचारावे, “चालेल का?” असे विचारू नये, त्या प्रश्नाला आपलेच मन देवाच्या आवाजात “चालेल” म्हणते. हा नियम मी जन्मभर पाळला. आज सकाळी मात्र हात जोडले आणि तोंडून गेले, “कुलूप काढलं तर चालेल का?”

मागून पत्नी म्हणाली, “चालेल का काय विचारताय? दोर झिजला तरी लिफ्ट चालते, म्हणूनच तर कुलूप घातलंत ना?”

एवढे बोलून ती बॅग भरायला गेली. मायलेकी आता लेकीच्या मावशीकडे निघाल्या आहेत.

५. सबब कुलूप राहील. त्याची किल्ली खात्याची आहे. माझ्या पश्चात ती वारसाहक्काने कोणासही मिळत नाही, हे संबंधितांनी ध्यानात घ्यावे.

सही: लिफ्ट-तपासनीस

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. “सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी वाचलेला नाही, हे ठळक लिहा.”

साक्षीदार दुसरा: आमचे डॉक्टर. “शुद्धीवर आहेत. नाडी फार जलद.”

स्थळ: राहते घर, कडी आतून लावलेली.
दिनांक: आजचा. अकराला प्रसूतिगृहात जाऊन मालकांना कलम ५ वाचून दाखवायचे आहे. कडी मीच काढीन.