पहिला घोट क्लिफचा

कीथली, यॉर्कशर
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मॉरीन,

कशी आहेस? व्हिटबीला समुद्रावरचा वारा सुरू झाला असेल. तुझे गुडघे कसे आहेत ते तू ख्रिसमसच्या कार्डावर कधी लिहीत नाहीस, म्हणून विचारतो. बाबांना पुरल्यापासून अकरा वर्षं आपलं नुसत्या कार्डांवर चाललंय. आज पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

मी बरा आहे. बस चालवणं सोडून चार वर्षं झाली, तरी पहाटे पाचला जाग येतेच. मांजर मेलं, दुसरं आणलं नाही. रग्बी चालू आहे. आपला क्लब यंदा हरण्यात फारच सातत्य दाखवतोय. पण सामना बाहेरगावी असला की पाठीराख्यांची बस अजून भरते, आणि ती रग्बीसाठी भरते असा कुणाचा गैरसमज नाही.

माझं तिथलं काम तुला माहीत आहे. तुझा सगळा राग त्याच्यावरच होता. आठवडाभर आधी त्या गावातल्या पबांना फोन लावायचे. पिंपातली एल बियर कुठली आहे, पिंप कधी उघडणार, तळघर थंड आहे का, बावीस माणसांना बारा वाजता कणकेच्या पारीत मटण भरून भाजलेल्या पाइज मिळतील का. गॅस भरून फेस आणलेली बियर आमच्यातलं कुणी शिवत नाही. पिंपातली एल जिवंत असते. उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपली नाही तर आंबते. म्हणून आमचा नियम असा की पबात शिरल्यावर पहिला अर्धा पाइंट माझा. मी वास घेतो, घोट घेतो, मान हलवतो, मग बाकीचे मागवतात. सव्वीस वर्षं मी चुकलो नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाहीये.

दहा दिवसांपूर्वी चुकलो.

केंडलच्या पलीकडे सामना होता. ‘थ्री शेफर्ड्स’ नावाचा पब मीच हुडकलेला, शेकोटी पेटलेली, मालक अगत्याचा. मी घोट घेतला, मान हलवली. त्याने भराभर पाइंट भरले. नेव्हिल, आमच्या गल्लीच्या टोकाचा गवंडी, तुला आठवेल, पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघतच राहिला.

“क्लिफ, हे प्यायचंय की व्हिनेगर म्हणून चिप्सवर शिंपडायचंय?”

सगळे खो-खो हसले. मालकाने स्वतः चाखलं आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला. “तुमच्या या जाणकारांनी होकार दिला म्हणून मी भरत गेलो हो,” म्हणाला. सगळे पेले मोरीत ओतले आणि दुसरं पिंप लावलं. मी म्हटलं, सर्दी झालीय. परतीच्या वाटेवर बसमध्ये मला व्हिनेगरवरून काय काय नावं ठेवली ते विचारू नकोस. मीही हसत होतो.

मॉरीन, सर्दी नव्हती. घरी येऊन कॉफीचा डबा उघडून नाकाला लावला. मग साबण, मग संत्र्याची साल, मग लाज सोडून कालचे मोजे. काही नाही. तेव्हापासून रोज सकाळी उठल्या उठल्या हेच करतो. कधीपासून गेलाय वास, तेही सांगता येत नाही. उन्हाळ्यात मी किती पबांत नुसतीच मान हलवली असेल, देव जाणे.

परवाच्या शनिवारी पुन्हा बाहेरगावी सामना होता. नेव्हिल माझ्याआधी आत घुसला आणि त्याने अर्धा पाइंट मागवून चाखूनही टाकला. मी मान हलवायच्या आत टेबलाखालून माझ्या बुटावर दोनदा पाय मारला. बरी आहे, असं. कुणाला कळलं नाही. नंतर बाहेर तंबाखू ओढताना मला म्हणाला, “सव्वीस वर्षं तू चाखलंस, आता मी दोन घोट जास्त प्यायलो तर माझी बायको काही मला टाकून जाणार नाही. पण तू डॉक्टरकडे जा, गाढवा. नाहीतर मी सगळ्या बसला सांगेन.”

काल गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. नाकात बघितलं, मला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. डावा हात मागे पडत होता. मग विचारलं, घरात कुणाला कंपवात होता का? मी म्हटलं, वडिलांना. कसा सुरू झाला? आधी काय दिसलं? वास गेला होता का?

मी थोरला मुलगा, सदुसष्ट वर्षांचा, आणि मला माझ्या बापाच्या आजारातलं काही म्हणजे काही माहीत नाही. “कुणाला माहीत असेल?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, बहिणीला. मोठ्या डॉक्टरांची तारीख जानेवारीतली मिळालीय. तोवर त्यांना घरची माहिती लिहून हवी आहे.

तू तेव्हा एकच मागितलं होतंस. “एक शनिवार ये क्लिफ, मला नुसतं झोपायचंय.” मी म्हटलं होतं की सामना पेनरिथला आहे, बावीस माणसं माझ्यावर विसंबून आहेत. सहा वर्षं तू बाबांना भरवलंस, धुतलंस, आणि मी तुला कुठल्या गावात कुठली एल चांगली मिळाली त्याची पोस्टकार्डं पाठवत होतो. मला माफ कर, एवढं लिहायलाही मला आधी स्वतःच्या जिवाची भीती वाटावी लागली. ही गोष्ट मलाच आवडत नाहीये.

तू येऊन माझं काही करावंस म्हणून हे लिहीत नाही. ते तू एकदा केलंस, पुरे झालं. मला फक्त सांग, बाबांचं आधी काय गेलं. गोड करून सांगू नकोस.

एवढं लिहून मागची पानं चाळली. पहिल्या पानावर माझ्या एका ओळीत सहा-सात शब्द मावलेत. इथे तेरा, अक्षर एवढं बारीक होत गेलंय. मुद्दाम नाही गं केलं. मला वाटत होतं की सगळीकडे सारखंच लिहितोय. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला बाबांनी तुझ्याकडून कार्ड पाठवलं होतं, त्यांची सही मुंगीएवढी होती. ते कार्ड मी बसमध्ये फिरवलं होतं. म्हटलं होतं, म्हातारा आता शाईसुद्धा वाचवायला लागला. सगळी बस हसली होती.

खाली नाव मोठं लिहायचा तीनदा प्रयत्न केला आहे. सगळ्यात मोठं जमलं ते हे.

तुझा भाऊ,
क्लिफ