गुंडी आमच्या आधी परदेशात शिरली

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या भाच्याचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तुम्हीच सुपारी चघळत त्यांच्याशी वाद घालणं थांबवा, तो आपोआप थांबेल.) आम्ही तिघंही मजेत आहोत. मजेत म्हणजे किती, ते सांगायला हा कागद पुरणार नाही, पण प्रयत्न करतो.

गुंडी जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन तुम्ही म्हणाला होतात, "झालं! आता पासपोर्ट कपाटात आणि पाय घरात." आम्ही दोघांनी आज्ञाधारकपणे माना डोलावल्या. वडीलधाऱ्यांपुढे मान डोलावायची आणि मागे वळून तिकिटं बघायची, हे आपल्या घराण्यात तुमच्यापासूनच चालत आलंय. लग्नाआधीपासून आम्ही दोघं पाठीवर पिशव्या टाकून हिंडलो. आता पोरगी झाली म्हणून जग काही आकसलं नाही ना! पिशव्या मात्र वाढल्या. पूर्वी माझे दोन शर्ट आणि हिचा पोहण्याचा पोशाख एवढ्यावर आम्ही महिना काढायचो. या खेपेला गुंडीच्या दुपट्यांचीच एक बॅग झाली, आणि माझा दाढीचा ब्रश तिच्या खुळखुळ्यांत सापडला.

विमानतळावर सामान वजनाला ठेवलं आणि आकडा बघून माझं डोकंच फिरलं. मी काटे दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर वजनमापांच्या दुकानात स्प्रिंगा बदलतो. काउंटरवरच्या मुलीला मी ठणकावून सांगितलं, की बाई, तुमचा काटा चुकतोय. तिने शांतपणे खाली बोट दाखवलं. बॅगेवर गुंडी बसली होती.

विमानात आमच्या पुढच्या खुर्चीत एक टकलू गृहस्थ झोपले होते. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गुंडीने त्यांच्या डोक्यावर मनसोक्त तबला वाजवला, आणि ते झोपेतच शेजारी बसलेल्या पत्नीला म्हणाले, "उठतो गं, उठतो." बिचाऱ्यांच्या संसाराबद्दल एवढी माहिती आम्हाला नको होती.

पण मामा, खरी गोष्ट उतरल्यावर घडली. पासपोर्ट तपासायच्या हॉलमध्ये लांबलचक रांगा होत्या. जमिनीवर पिवळी रेषा, रेषेपलीकडे काचेच्या खिडकीत एक करड्या चेहऱ्याच्या बाई. रेषेच्या अलीकडे कुठलाच देश नाही, पलीकडे त्यांचा देश. तुम्हाला माहीतच आहे, गुंडी अजून चालत नव्हती; बसल्या बसल्या बूड घासत सरकायची. डॉक्टर म्हणाले होते, चालेल तिच्या लहरीने. आमचा नंबर आला आणि पासपोर्ट सापडेनात. (ते दुपट्यांच्या बॅगेत तळाला होते. ठेवले कुणी, यावर अजून एकमत नाही.) म्हणून मी गुंडीला क्षणभर खाली ठेवलं. ती दोरीच्या खांबाला धरून उभी राहिली. पलीकडे सफाईवाले काका चाकांची लाल बादली ढकलत चालले होते. गुंडीने बादली पाहिली. खांब सोडला. एक पाऊल. मग दुसरं. दोरीखालून, रेषेवरून, खिडकीसमोरून माझी लेक डुलत डुलत परदेशात शिरली!

हिने किंकाळी फोडली, "चालली! चालली!" ही तलावावर पोहायला शिकवते, त्यामुळे खोल पाण्यात बुडालेल्या माणसालाही ऐकू जावा असा हिचा आवाज. आमच्या मागे आपलीच भाषा बोलणारं एक भलंमोठं कुटुंब होतं. त्यांना वाटलं रांगच चालली. त्यांनी ट्रॉली जोरात पुढे ढकलली ती थेट माझ्या टाचांवर.

आम्ही दोघं धावलो, तर एक पहारेकरी आडवा आला. "शिक्का नाही, पुढे जायचं नाही."

"अहो, पण ती गेलीय!" ही म्हणाली.

"तिलाही शिक्का नाही," तो म्हणाला आणि स्वतःच गोंधळला. मूल देशात, आईबाप कुठेच नाहीत, असा प्रसंग त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

इथपर्यंत मी हसत होतो, मामा. मग मला दिसलं, की काका बादली घेऊन बाहेरच्या काचेच्या दाराकडे निघालेत. दार आपोआप उघडत होतं, मिटत होतं. पलीकडे मोटारी थांबत होत्या. काकांच्या कानात गाणी लावलेली, त्यांना आमच्या हाका ऐकू जाईनात. आणि गुंडी त्यांच्या मागे. हिने पहारेकऱ्याच्या काखेखालून सूर मारला (खरोखर, सूरच) आणि त्याने हिची ओढणी धरली.

तेवढ्यात खिडकीतल्या बाई उठल्या. दार उघडून बाहेर आल्या, झपाझप चालत गुंडीच्या पुढे गेल्या आणि कडक इस्त्रीच्या गणवेशासकट चक्क जमिनीवर बसल्या. दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "ये."

गुंडी थांबली. बादलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. आणि हसत सुटली ती सरळ त्यांच्या मिठीत. दिवसभर त्या खिडकीपुढे माणसं घाबरलेल्या चेहऱ्यांनी येतात. हात पसरून बहुधा पहिल्यांदाच कुणी आलं असावं. बाईंना बराच वेळ उठवेना. उठल्या तेव्हा चेहरा पुन्हा करडा केलेला होता, पण नीट जमला नव्हता.

गुंडीला कडेवर ठेवूनच त्यांनी आमचे पासपोर्ट पाहिले. "येण्याचं कारण?" त्यांनी विचारलं.

ही डोळे पुसत म्हणाली, "चालायला."

बाईंनी धाडकन शिक्का मारला. मागच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. मी टाच चोळत त्यांच्याकडे पाहून हसलो.

तेव्हापासून आम्ही नुसते चालतोय, मामा! पूर्वी आम्ही शहरातले मनोरे बघायचो, आता गटारांची झाकणं बघतो, आणि काय सुरेख झाकणं असतात हो! संग्रहालयात जाऊन आम्ही फक्त जिना पाहिला, सगळा, वर आणि खाली, पुन्हा वर. इतकं काही आम्ही आजवर कुठल्याच देशात पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षीची ठिकाणंही ठरवतोय. कपाटात ठेवायला पासपोर्ट आता रिकामे नाहीत.

मामींना नमस्कार. गुंडीकडून तुमच्या मिशीला एक झटका.

तुमचा,
भाचा

ता. क. खरं काम आता सांगतो. आईला यातलं अवाक्षर कळू देऊ नका. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुमच्या फोनमधला आवाज शेजारच्या घरात ऐकू जातो, आणि शेजारचं घर आईचं. (म्हणून हे पत्र उद्या परतणाऱ्या एका गृहस्थांच्या हाती देतोय.) आम्ही कामावर गेलो की गुंडीला दिवसभर आईच सांभाळते. नातीचं पहिलं पाऊल बघायला तिने दिवाणखान्यातलं टेबलसुद्धा हलवून ठेवलंय. ते पाऊल परक्या बाईने पाहिलं हे तिला कसं सांगू? तर रविवारी आम्ही पोहोचू तेव्हा तुम्ही आईकडे चहाला या. गुंडी उठली, की ओरडा: "अरे, पहिलं पाऊल!" मी ओरडलो तर आई ओळखेल. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे तिला पक्कं माहीत आहे. आरशासमोर थोडा सराव करा. भुवया उंच, तोंड उघडं, आवाज कापरा.

ता. क. २. एक अडचण आहे. गुंडी आता चालत नाही, पळते. पहिलं पाऊल म्हणून हे खपणार नाही. त्यामुळे माणसांना हातपाय हलवायला शिकवणारी माझी बायको सध्या लेकीला बसायला शिकवतेय.

ता. क. ३. आत्ताच आईचा फोन आला. हिच्याच्याने राहवलं नाही, सगळं बोलून गेली. आई हसली म्हणे. गुंडी आम्ही निघायच्या महिनाभर आधीच तिच्या घरात चालली. टेबलावर आपटली, म्हणून टेबल हलवलं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली. आणि मामा, त्या दिवशी समोरच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात म्हणे! महिनाभर आमच्यासमोर चहा पीत होतात, "चालेल हो, चालेल एक दिवस," म्हणत होतात. आणि मी तुम्हाला भुवया उंच करायला शिकवतोय!