दुसऱ्याच्या नावाला लावलेलं भस्म

नांदेड, २८ जानेवारी २०२५

चि. आनंदराज यास पंचशीलाताईचे अ. उ. आ. आणि जयभीम.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाईलवर अंगठे आपटायचा कंटाळा, म्हणून पुन्हा टपालखात्याला कामाला लावते. जळकोटजवळ तुझ्या पलटणीतल्या शिवप्पाच्या गावी शहीद स्तंभाचं उद्घाटन झालं ना? पदकं शर्टाला लावलीस की ट्रंकेतच ठेवलीस? त्याच्या आईला, साखराबाईंना, पुढच्या रांगेत बसवलं का? मुलगा श्रीलंकेच्या लढाईत गेला तेव्हापासून ती माय या दिवसाची वाट बघत होती. सविस्तर लिही. "कार्यक्रम ठीक झाला" एवढंच लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

भावाने विसरू नये एवढीच अपेक्षा असणारी,
तुझी ताई


चाकूर, २ फेब्रुवारी

ती. ताईस आनंदराजचा स. जयभीम वि. वि.

ठीक झाला नाही. स्तंभावर पासष्टचे आहेत, एकाहत्तरचे आहेत, कारगिलचे आहेत. शिवप्पा नाही. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं की ती लढाई आपली नव्हती, परक्याच्या भांडणात गेलेल्यांना शहीद म्हणण्याबद्दल मतभेद आहेत.

पण मला खातंय ते वेगळंच. लिंगायतांत माणसाला पुरतात. शिवप्पाला आम्ही तिकडेच जाळलं, गोळीबार चालू होता, दुसरा इलाज नव्हता. त्यामुळे म्हातारीला डोकं टेकवायला समाधी नाही. हा स्तंभच समाधी, असं तिने मनाशी धरलं होतं. लोक पांगल्यावर ती भस्म आणि बेल घेऊन आली. तिला वाचता येत नाही. चाचपत चाचपत तिने एका नावावर भस्माची तीन बोटं ओढली, खाली बेल ठेवला, कपाळ टेकलं. ते नाव कारगिलला गेलेल्या पंढरीचं. मग माझ्याकडे बघून हसली. मी होय म्हणून मान हलवली. ताई, मी काय करायला हवं होतं?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
आनंदराज


नांदेड, ९ फेब्रुवारी

चि. आनंदराज यास अ. उ. आ.

रागावले, पण तुझ्यावर नाही. काल बसने जळकोट गाठलं आणि तिथून गाव. प्राध्यापकांनी अर्धा कप चहा आणि पूर्ण व्याख्यान दिलं. लढाईच चुकीची होती म्हणे. मी म्हटलं, असेल. ती ठरवताना शिवप्पाला कुणी मत विचारलं होतं? हुकूम झाला, पोरगं गेलं. लढाई जिंकली की फसली हे बघून तुम्ही मेलेल्यांना मार्क देता, प्राध्यापकी काही सुटत नाही तुमची. त्यावर ते जरा नमले. स्तंभाच्या मागच्या बाजूला नुसतं नाव कोरू, श्रीलंकेचा उल्लेख नको, म्हणाले. मागची बाजू स्वतःसाठी राखून ठेवा, असं सांगून मी उठले.

आता अवघड काम तुझं. साखराबाईंना खरं सांग आणि समितीपुढे आण. मला नकार देणं त्यांना सोपं आहे. आईच्या तोंडावर नाही म्हणून दाखवू देत.

जेवत जा वेळेवर. तुझी काळजी हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग.
ताई


चाकूर, १७ फेब्रुवारी

ती. ताईस स. जयभीम वि. वि.

सांगितलं. ती ओट्यावर बसली होती. ते नाव पंढरीचं, शिवप्पाचं नाव तिथं नाहीच, हे ऐकून ती बोटं लुगड्याला पुसत राहिली. मग तिने काही विचारलं. ओठ हललेले दिसले, कळलं नाही. पुन्हा विचारायला सांगितलं, तरी कळलं नाही. शेवटी माझ्या बऱ्या कानाशी येऊन ती जीव खाऊन ओरडली. शेजारच्या बाया दारात आल्या. तुम्ही दोघं पळाला होता का, म्हणून माझ्या लेकराचं नाव न्हाई का, असं तिने विचारलं होतं.

मी नाही म्हटलं. मी जखमी पडलो होतो, शिवप्पा सुखरूप मागे पोचला होता, मला ओढून आणायला तो पुन्हा फिरला आणि गेला, हे सांगायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. तिने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. आत गेली, कडी घातली. मी अंधार पडेपर्यंत ओट्यावर होतो. बाया माझ्याकडे बघून आपसांत बोलत होत्या. काय ते ऐकू आलं नाही, पण समजलं.

आनंदराज


नांदेड, २१ फेब्रुवारी

चि. आनंदराज यास आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसले. माझ्या बाबतीत हे किती कठीण, ते तुला माहीत आहे.

मंगळवारी सकाळी जळकोटच्या स्टँडवर थांब. प्राध्यापकांना नंतर बघते, आधी साखराबाईंचं दार. प्रश्न साऱ्या गल्लीने ऐकलाय, तेव्हा उत्तर एकट्या आईने ऐकून भागणार नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला मुलीने हळू बोलावं हे शिकवण्यात जन्म घालवला. मी त्या ओट्यावर उभी राहून बोलणार आहे, हळू नाही. शिवप्पा कुणासाठी मागे फिरला, ते शेवटच्या घरापर्यंत जाईल. ती दार उघडो न उघडो.

तू फक्त माझ्याशेजारी उभा राहा, म्हणजे तो कुणासाठी फिरला ते त्यांना दिसेल.

तुझी,
पंचशीलाताई