करडीचं कुंपण

माय, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, आणि मी तुला करडीबद्दल लिहीत बसलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, याले दुसरं काही काम नाही.

गव्हाच्या शेताला चारी बाजूंनी करडीच्या काटेरी ओळी तू स्वतः पेरायचीस. गुरं तोंड घालायला यायची, नाकाला टोचलं की मागे फिरायची. काढणीला हातांना फडकी गुंडाळून तू पुढे, आणि आम्ही मागे कुरकुरत. मग गावातल्या घाण्यावरून तिचं तेल घरी यायचं आणि वर्षभर भाजीत पडायचं. मला त्याचा वास मुळीच आवडत नसे. मी ताट सरकवलं की तू रागावायचीस, आणि थोड्या वेळाने गुळाचा खडा हातावर ठेवायचीस.

पुढे मंगरूळपीरच्या बाजारातून शेंगदाण्याच्या तेलाचा डबा आला. तुझ्या सुनेने पुऱ्या तळल्या. तू चुलीपाशी बसून एक पुरी सावकाश चावतेस, बोटं चाटतेस.

"गोड लागते. पन आता करडी कोन पेरन?"

"कायले पेरायची, माय? तेल इकत भेटते."

"अन् ढोरं काय तुया डब्याले भेतीन?"

आम्ही पोट धरून हसलो. तूही हसलीस.

तू गेल्यावर करडी बंद झाली. आमचीच नाही, सगळ्या गावाची; प्रत्येक चुलीपाशी डबा आला होता. मग शेतात गुरं घुसू लागली, हरणं घुसू लागली. कुंपणासाठी नाल्याकाठच्या बाभळींच्या फांद्या तोडल्या. त्यांना वाळवी लागायची, की पुढच्या वर्षी पुन्हा तोडायच्या. एकेक झाड खुंट होऊन वाळलं. सुगरणींचे खोपे गेले, शेळ्यांच्या शेंगा गेल्या, काठ ढासळून नाल्यात पडू लागला. जिभेला एक चव आवडली म्हणून नाला उघडा पडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

यंदा गव्हाच्या पेरणीच्या वेळी धाकटा कुऱ्हाड घेऊन शेवटच्या बाभळीपाशी उभा होता. "दादा, हेच एक राह्यली. तोडू काय?" तू निंदायला जाताना त्याची झोळी याच झाडाला बांधायचीस, मी झोका द्यायचो. "थांब," म्हटलं. गावात करडीचं बी कुणाकडेच नव्हतं. शेवटी आसेगावच्या तेल्याने दिलं आणि विचारलं, "आता काहून?" मी पिशवीचं तोंड बांधून घराकडे निघालो.

ओळी दाट आल्या. गहू वाचला, बाभूळ उभी आहे. तेलही त्या तेल्याच्याच घाण्यावरून काढून आणलं, आणि घरात सगळ्यांनी नाकं मुरडली.

हा कागद कुठे टाकायचा, मला ठाऊक नाही. घडी करून ठेवीन. पण माय, खरं सांगतो, ते तेल मला अजूनही आवडत नाही. काल भाकरीबरोबर तिखट-मीठ घालून घेतलं, आणि तुझी इतकी आठवण आली की वाटी पुसून खाल्ली.