शनिवारी वाचायचं पत्र

किर्यात गात
सोमवार, ४ फेब्रुवारी १९६३

चि. शुलामिथ हीस,
मिलकाताईचे आशीर्वाद.

शालोम. तुझं पत्र गुरुवारी पोचलं. आम्ही बरे आहोत. एलायजांचा खोकला थंडीपुरता आहे, काळजी नको. साखरेच्या कारखान्यात त्यांना आता दिवसपाळी मिळाली. नाओमीला सैन्यात जाऊन तीन महिने झाले. सुट्टीत येते, कपडे धुवायला टाकते, झोपते आणि जाते. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते. तिची मराठी सुधारायचं मी सोडून दिलं आहे. मी काही सोडून दिलं, हे वाचून तुला हसू येईल.

आज निळं एअर लेटर घेतलं नाही. वहीची पानं फाडली आहेत, कारण जागा जास्त लागणार आहे.

तू लिहितेस, एक मार्चला राजीनामा देऊन इकडे येणार. जूनमध्ये हेडमिस्ट्रेस होणार असताना! अबाजीकाकाही घर विकायला काढताहेत म्हणे. आणि वर लिहितेस, "ताई, हे सगळं तुझ्या पत्रांमुळे. शनिवारी प्रार्थना झाली की सिनेगॉगच्या ओट्यावर सगळे थांबतात, मी वाचते, आणि कुणी हलत नाही."

वाचून दाखवतेस हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. लिहायला बसले की तो ओटा माझ्या डोळ्यांपुढे यायचा. म्हणूनच पत्रं तशी उतरली.

मी काय लिहीत होते, ते तुला पाठ असेल. 'रोज सकाळी सहाला शाळेत जाते. वर्ग मोठे, फळे मोठे, खिडक्यांना काचा. मुलं मला शालोम म्हणतात.' यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त सहा वाजता शाळेत शिक्षक नसतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्याही नाही, आणि तू स्वतः शाळेत नोकरी करतेस.

मी तिथे वर्ग झाडते, शुलामिथ. फरशीवर बादली ओतायची आणि रबर लावलेल्या काठीने पाणी दाराबाहेर लोटायचं. मग फळे पुसायचे. दोन वर्षं हेच करते आहे.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तू उगाच कुणाला दोष देणार नाहीस. आपण लहानपणापासून हिब्रू प्रार्थना घडाघडा वाचतो. मला वाटलं, भाषा तर येतेच आहे, बोलणं महिन्याभरात येईल. शिक्षकाच्या नोकरीसाठी शाळाखात्याच्या कचेरीत गेले तेव्हा बी.ए., बी.टी.ची सर्टिफिकिटं पुढे ठेवली. तिथल्या बाईंनी ती पाहिली, मान डोलावली आणि माझ्यासमोर वर्तमानपत्र ठेवलं. म्हणाल्या, वाचा. अगं, अक्षरांखाली ठिपकेच नव्हते! आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात खाली सगळे स्वर दिलेले असतात. इथे नुसती व्यंजनं. पहिल्याच ओळीत अडकले. बावीस वर्षं शिकवलेली बाई मी, पहिलीतल्या पोरीसारखी बोट ठेवून उभी. पुढे सहा महिने हिब्रूच्या वर्गात बसले, परीक्षेला दोनदा बसले. दोन्ही वेळा नापास. कचेरीतल्या त्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "गव्हेरेत, पुन्हा बसा." मी नाही बसले. गव्हेरेत म्हणजे बाईसाहेब. ज्या दिवशी हातात बादली आली, त्या दिवसापासून मला कुणी तसं म्हटलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक प्रकार झाला. पाचवीच्या फळ्यावर अपूर्णांकांचं उदाहरण राहिलं होतं. त्यांच्या बाई, ओरा, चोवीस-पंचवीसची असेल, घाईत एक पायरी चुकली होती. पुसायला फडकं उचललं आणि हात थांबला. चुकीचं उदाहरण पुसून टाकायचं? मी खडू घेतला आणि शेजारी बरोबर करून ठेवलं.

शाळा भरल्यावर ओरा मला शोधत आली.

"हे तुम्ही केलंत?"

"मी."

"कुठे शिकलात?"

मी सांगितलं, "मी मोरा. बॉम्बे." मोरा म्हणजे शिक्षिका. माझे उच्चार तिला कळले की नाही देव जाणे. तिने माझा हात धरून मला वर्गात नेलं, फळ्याजवळ उभं केलं आणि मुलांना म्हणाली, "पाहा, झाडणाऱ्या बाईंनासुद्धा येतं. तुम्हाला यायला काय झालं?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बादली उचलून बाहेर आले.

शुलामिथ, हेच वाक्य मी माझ्या वर्गात किती वेळा बोलले असेन? "आपल्या आयाबाईसुद्धा हे सांगतील!" आणि आयाबाई दारात पाण्याची कळशी घेऊन उभ्या असायच्या. मुलं हसायची, त्याही हसायच्या. त्यांचं नाव काय होतं, तुला आठवतं का? मला आठवत नाही. त्या दिवसापासून आठवून पाहते आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर एलायजांना सांगितलं. ते म्हणाले, "आता तरी धाकटीला खरं कळव."

मी म्हटलं, "दोन वर्षांचं एका पत्रात कसं लिहू?"

"खोटं लिहायला तुला एक एअर लेटर पुरत होतं. खऱ्याला दोन पानं घे."

तरी मी लिहिलं नाही. मग गुरुवारी तुझं पत्र आलं.

आता व्यवहाराचं. राजीनामा द्यायचा नाही. लिहून ठेवला असलास तर फाडून टाक. जूनमध्ये त्या खुर्चीवर बस. मोठ्या वयात नवी भाषा शिकून वर्गापुढे उभं राहणं काहींना जमतं. मला जमलं नाही, आणि तुझा स्वभाव माझ्यावर गेला आहे. अबाजीकाकांना मात्र म्हणावं, खुशाल या. सुतारकामाला ठिपके लागत नाहीत, इथे एवढी घरं उभी राहताहेत की हात कमी पडताहेत. पण आधी एकट्याने येऊन पाहा, घर मागून विका.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एक राहिलं. मी तशी पत्रं लिहिली ती केवळ अब्रूसाठी नाही. तू यावंस म्हणून लिहिली. निघताना बंदरावर सगळ्यांदेखत तुला भित्री म्हणाले होते. ते मागे घेण्यापेक्षा तुला इथे ओढून आणणं मला सोपं वाटलं. इथे दिवसभर माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नाही. एलायजा संध्याकाळी येतात आणि खोकतात.

तुला चौथीतला निबंध आठवतो? शेजारणीच्या वहीतून उतरवला होतास. माझ्या वर्गात नियम एकच होता, चूक ज्याची त्याने उभं राहून मोठ्याने वाचायची. सख्खी बहीण म्हणून तुला सोडलं नाही. "हा निबंध माझा नाही," तीनदा म्हणायला लावलं. घरी तू आठ दिवस माझ्याकडे पाठ करून जेवलीस. आई म्हणाली, "मिलका, पोर आहे ती." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम."

तर हे पत्र शनिवारी प्रार्थनेनंतर त्याच ओट्यावर वाच. सगळं वाच. बादलीचं, परीक्षेचं, आयाबाईंचं, बंदरावरचं. माझी लाज राखायला एक ओळही गाळायची नाही. मला येता येत नाही, म्हणून तुला दुसऱ्यांदा उभं करते आहे. या वेळी चूक माझी आहे.

मग आठ दिवस पाठ करून जेव. नवव्या दिवशी पत्र लिही.

तुझी वाट पाहणारी,
किर्यात गातच्या शाळेतली झाडणारी बाई,
तुझी ताई
मिलका