बारावं पान

प्रिय पद्मजा,

पत्र फाडण्याआधी एवढी बातमी वाच. आज सकाळी बाराव्या पानाला पांढरी कड आली. चष्मा पुसून तीनदा पाहिली. मग वरच्या मजल्यावरच्या धम्मदीपला जिन्यातून हाक मारून खाली बोलावलं आणि त्याच्याकडूनही खात्री करून घेतली. त्याला ऑफिसला उशीर झाला. होऊ दे.

आयव्हीच्या वेलीबद्दल लिहितेय. तुमचीच ती, पांढऱ्या कडेच्या पानांची. गेल्या पावसाळ्यानंतर दुर्गाबाई मागचं अंगण झाडताना पाण्याच्या पाइपामागे वाकली आणि म्हणाली, "बाई, ही जित्ती हाय की." बोटभर देठ, त्याला दोन मळकी हिरवी पानं. मी मुळासकट काढून कुंडीत लावली आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. पुढची नऊ पानं आली ती नुसती हिरवी, कुठल्याही कुंपणावर येतील तशी. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, आणि अंधारात ही वेल पांढरा रंग सोडते एवढं विसरले. मग पूर्वेच्या गॅलरीत हलवली. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी ओल्या फडक्याचा आडोसा. एप्रिलात लाल कोळीची कीड लागली, तेव्हा रोज एकेक पान कापसाने पुसलं. स्वतःच्या गुडघ्यांची एवढी सेवा मी कधी केली नाही.

आणि हे सगळं नियमबाह्य बरं का. 'इमारतीत कोणीही वेली लावू नयेत. हुकमावरून, चिटणीस' हा फलक माझ्याच अक्षरात जिन्यात होता. धम्मदीप म्हणाला, "काकू, चिटणीसांकडे तक्रार करू का?" मी म्हटलं, कर, पण लेखी आणि तीन प्रतींत.

दोन वर्षांपूर्वी तू सलिलकडे वाघोलीला आठ दिवस गेलीस. रंगारी आले होते, म्हणून मी मागची भिंत वेलीसकट खरवडून घेतली. तुझ्या श्यामसुंदररावांनी महाबळेश्वरहून मांडीवर धरून आणलेली वेल, आणि ते जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. तू परत आलीस, कोरी भिंत पाहिलीस आणि महिन्याभरात लेकाकडे कायमची निघून गेलीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की ठराव झाला होता. झाला होता. पण चुकलं माझं. हे लिहायला पांढरी कड येईपर्यंत थांबले, कारण रिकाम्या हाताने तुझ्या दारात यायचा धीर नव्हता. पुढच्या रविवारी सकाळच्या बसने कुंडी घेऊन येतेय. दार उघडलं नाहीस तर बाहेर ठेवून मुकाट परत फिरेन. तिला मात्र पूर्वेची खिडकी दे. जिन्यातला फलक आज उतरवला. त्याच्या पाठीवर पाणी कधी आणि किती घालायचं ते लिहिलंय, तोही आणतेय.

तुझीच, अजून तसं मानत असशील तर,
शर्मिला