लिंबू चिरल्यानं रक्त बिघडत नाही

माझ्या मुकाट सोसणाऱ्या आई,

काल एसटीडी बूथवरून दादाला फोन लावला. वहिनीला दिवस गेलेत, आणि आत्या तिला आत्तापासूनच बजावतेय, "नागपंचमीला विळीला हात लावू नगंस. तुज्या सासूनं काय करून घेतलं, ठावं हाय न्हवं?" तू जाऊन वर्ष झालं तरी तुझी सुटका नाही! म्हणून चिडून लिहायला बसलेय.

सणाला चिरायचं-कापायचं नाही, हे मीही पाळते. पण त्या वर्षी शिराळ्याच्या नागपंचमीच्या जत्रेत, त्या गर्दीत चक्कर येऊन कोण पडलं होतं? आत्याचाच नवरा! बाळू तुझ्या पोटात होता. तशीच उठलीस आणि सरबतासाठी लिंबू चिरलंस. ते गटागटा पिताना कुणाला नाग आठवला नाही.

बाळू जन्मला आणि थोड्याच दिवसांत ताप, खोकला, पुन्हा ताप. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, याच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी नीट तयारच होत नाहीत. का, ते त्यांना सांगता येईना. आत्याला मात्र लगेच सांगता आलं! बाळू गेला, आणि तुला कुणी ओटी भरायला बोलवेना. मी भांडायला उठले की तू म्हणायचीस, "आसंल माजंच चुकलं. तू गप ऱ्हा." का गं मान्य केलंस?

आज कॉलेजात सरांनी नवीन शिकवलं. हाडांतल्या मज्जेत रक्ताच्या मूळ पेशी असतात. त्यांतली कुठली तांबडी पेशी होणार, कुठली लढणारी, हे काही प्रथिनं ठरवतात. ती डीएनएला चिकटून काही जनुकं चालू करतात, काही बंद. असं एखादं प्रथिन बिघडलं, तर लढणाऱ्या पेशी घडतच नाहीत.

तासानंतर मी बाळूचं सांगितलं. सर म्हणाले, त्याचं नेमकं काय बिघडलं ते आता कळायचं नाही. पण असा बिघाड बहुधा गर्भ राहतानाच आलेला असतो. कित्येकदा अर्धा आईकडून, अर्धा वडिलांकडून, दोघांनाही पत्ता नसताना.

मला रडू आलं, आणि आत्याचा रागही. 'आईकडून' एवढंच धरून बसेल ती! बसू दे. अर्धा तिच्या भावाकडून आला असेल, हे मीही ऐकवीन.

आई, शब्द देते. वहिनीच्या डोहाळेजेवणाला सगळ्यांदेखत हे सांगणार. आत्या रुसो, नाहीतर उठून जावो. आपल्या घरात यापुढे पोर आजारी पडलं, तर पोराचं रक्त तपासायचं. आईची झडती घ्यायची नाही.

अजिबात गप्प न राहणारी तुझी लेक,
सुमन